दीडपट की हजारपट?

टेंभी नाक्यावर नवरात्राच्या मांडवाचे बांबू उभे राहू लागले की मामाच्या खिडकीतल्या गप्पांना रंग चढतो. शिवसेनेचे आनंद दिघे यांनी 1978 मध्ये इथे सुरू केलेला हा उत्सव आता ठाण्याबाहेरही ओळखीचा झाला आहे. खाली बांबू बांधणाऱ्यांची हाकाटी, तलावपाळीकडे वळणाऱ्या रिक्षा, जांभळी नाक्यावरून पिशव्या भरून परतणारी माणसं. हे सगळं या खिडकीतून दिसतं. मामाने चाळीस वर्षं ठाण्यात बातमीदारी केली. महापालिका, न्यायालय, कारागृह, रुग्णालय, बहुतेक सगळं पायी. मी मराठीत विज्ञान आणि तंत्रज्ञानावर पुस्तकं लिहिते आणि विद्यापीठात पत्रकारिता शिकवते. आमच्या दोघांचा धंदा एकच, असं मी मानते. मामाला ते मान्य नाही.

गेल्या महिन्यात मी वर्गात एक जुनं कात्रण दाखवलं. बातमीदाराचं नाव झाकलं होतं. ठाण्यातल्या एका मिरवणुकीच्या आवाजाची ती बातमी होती. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा असताना 85 डेसिबल मोजले गेले, 'म्हणजे आवाज दीडपटीहून अधिक', असं त्यात लिहिलं होतं. ही चूक शोधा, असं मी मुलांना सांगितलं. कात्रण मामाचं होतं. वर्गातल्या एका ठाणेकर मुलाने ते ओळखलं आणि गोष्ट मामापर्यंत पोचली. रविवारी सकाळी मला बोलावणं आलं.

मामा : नाव झाकलंस, ठीक. पण चूक काय ते आधी मला सांगायचं होतंस. मर्यादा 55, मोजले 85. भागाकार कर. दीडपटीहून थोडं जास्तच येतं. यात चुकलं कुठे?

मी : आधी तुला सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं. आता आकड्याचं ऐक. डेसिबल हे किलो किंवा लिटरसारखं माप नाही, ते लॉगरिदमचं माप आहे. त्यात दर दहाच्या पायरीला आवाजाची ऊर्जा दहापट होते. 55 वरून 65 म्हणजे दहापट, 75 म्हणजे शंभरपट आणि 85 म्हणजे हजारपट. कानाला तो हजारपट मोठा वाटत नाही, साधारण आठपट वाटतो. पण आतल्या कानातल्या नाजूक पेशींवर येऊन आदळते ती ऊर्जा हजारपटच. तुझं 'दीडपट' वाचून वाचक म्हणाला असेल, थोडंसंच जास्त आहे की!

मामा : (बराच वेळ कात्रणाकडे बघत) मोजणाऱ्याने मला हे सांगितलं नाही.

मी : तू विचारलं नाहीस.

मामा : का विचारावं? माझं काम लोकांपर्यंत गोष्ट पोचवणं. आकड्याचा अर्थ लावणं त्या आकड्याच्या जाणकाराचं काम. तू वर्गात मुलांना लॉगरिदम शिकवायला निघालीस. अगं, बातमी रस्त्यावर मिळते. पायाला भिंगरी असावी, माणसं ओळखीची असावीत, खोटं बोलणाऱ्याचा चेहरा वाचता यावा. हे कुठल्याही विद्यापीठात मिळत नाही. विज्ञान शास्त्रज्ञांनी लिहावं, बातमी बातमीदाराने लिहावी.

मी : मराठीत पहिल्याच दिवशी ही वाटणी कुणी मानली नव्हती, मामा. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' काढलं. त्याच तारखेला आपण पत्रकार दिन साजरा करतो. पण पत्रकार दिनाच्या भाषणात एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. हा माणूस मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित आणि खगोल शिकवत होता. कुलाब्याच्या वेधशाळेची जबाबदारीही काही काळ त्यांच्याकडे होती. 'शून्यलब्धिगणित' नावाचं कलनावरचं पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. 'दर्पण' थांबलं त्याच वर्षी, 1840 मध्ये, त्यांनी 'दिग्दर्शन' मासिक सुरू केलं आणि त्यातून भूगोल, विज्ञान, इतिहास लोकांपुढे ठेवला. शिक्षक, विज्ञानलेखक आणि संपादक एकाच माणसात. मराठी पत्रकारिता आणि मराठी विज्ञानलेखन एकाच घरात जन्मली.

मामा : तूच सांगितलंस, 'दर्पण' थांबलं. आठ वर्षं चाललं. आणि बाळशास्त्रींना पत्रकारिता कुठल्या विद्यापीठाने शिकवली? मुंबई विद्यापीठाचा जन्मच 1857 चा, आणि बाळशास्त्री 1846 मध्ये गेले, जेमतेम चौतिशीत. म्हणजे तुझं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. विद्वान माणूस मनात आणलं तर लिहू शकतो. पण लिहिणाऱ्याला दोन वर्षांच्या पदवीने विद्वान करता येत नाही.

मी : विद्वान करायचंच नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात 1952 मध्ये पत्रकारितेचा विभाग सुरू झाला, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये 1964 मध्ये. तेव्हापासून आपण मुलांना मथळा, इंट्रो, मुलाखत, कायदा शिकवत आलो. त्यांत एकच गोष्ट पक्की रुजवायची आहे. कुणी काही सांगितलं की विचारायचं, 'हे तुम्हाला कशावरून कळलं?'

मामा : हे मी जन्मभर विचारत आलो.

मी : महापालिकेत विचारलंस. 21 सप्टेंबर 1995 ला विचारलंस का?

मामा : गणपती दूध पितो, तो दिवस. (खिडकीबाहेर बघत) सकाळपासून देवळांपुढे रांगा होत्या. वाट्या, चमचे, पिशव्या. मी रांगा लिहिल्या, माणसं काय म्हणतात ते लिहिलं. यात खोटं काय होतं? रांगा खऱ्या होत्या.

मी : रांगा खऱ्या होत्या. पण वाचकाचा प्रश्न रांगेचा नव्हता, दूध कुठे जातं याचा होता. चमचा तिरका करून सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली उतरतं. पांढरा थर ओल्या दगडावर दिसत नाही. दिल्लीत सरकारच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला आणि मूर्तीच्या अंगावरून उतरणारा ओघळ सगळ्यांना दिसला. चिमूटभर रंगाचं काम होतं. त्याला शास्त्रज्ञ लागत नव्हता, कुठल्याही बातमीदाराला ते जमलं असतं.

मामा : आणि रांगेत उभ्या असलेल्या आजीबाईंपुढे मी रंगाचं दूध घेऊन गेलो असतो? तिचा मुलगा आजारी असेल, तिने नवस बोललेला असेल. माणसं तिथे फसायला आली नव्हती, आशेने आली होती. तुझ्या विज्ञानवाल्यांचं हेच चुकतं. उत्तर बरोबर असतं आणि बोलणं असं असतं की समोरच्याने कान बंद करावेत. आधी त्या बाईचं ऐकून घ्यायला शिकव मुलांना, मग पृष्ठताण.

मी : हे मला मान्य आहे. तिच्यापुढे नाही, घरी वरवंट्यावर करून बघायचं आणि दुसऱ्या दिवशी छापायचं, 'तुमच्या घरी करून बघा'. तिला मूर्ख न ठरवता तिच्या हातात चमचा द्यायचा. मुलांना मी हेच सांगते. पण तुझ्याइतकं नेमकं सांगत नव्हते.

मामा : आता माझा एक प्रश्न. वर्तमानपत्रात रोज राशिभविष्य छापून येतं. त्याचं काय करणार? ते काढलं तर वाचकांचे फोन येतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी : काढा असं मी म्हणत नाही. त्याची परीक्षा कशी झाली तेही एकदा छापा, एवढंच म्हणते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 मध्ये ती घेतली. 200 जन्मपत्रिका गोळा केल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. नावं झाकली. ज्योतिषांना विचारलं, यातली कुठली कुठल्या गटातली? 27 जणांनी उत्तरं पाठवली. प्रत्येकाकडे चाळीस पत्रिका होत्या. सरासरी निम्म्याच्याही खाली आली. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 तपासल्या, त्यांतल्या 102 बरोबर निघाल्या. आता सांग, 102 हा आकडा मोठा की लहान?

मामा : दोनशेपैकी एकशे दोन. निम्म्याहून जास्त. मथळा होईल, 'शंभराहून अधिक भाकितं अचूक'.

मी : आणि तो मथळा आकड्याने खरा, अर्थाने खोटा होईल. दोनच पर्याय असताना नुसतं नाणं उडवलं तरी शंभरच्या आसपास बरोबर येतात. आकडा एकटा कधी बोलत नाही. तो कशाच्या शेजारी ठेवला, यावर त्याचा अर्थ ठरतो.

मामा : हं. नारळीकर म्हणालीस म्हणून आठवलं. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती स्वतःच्या नावाने नाही. नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. कथेकडे बघून मिळालं, केंब्रिजच्या पदवीकडे बघून नाही. मी हेच म्हणतोय. पदवीला विचारतो कोण? कागदावर काय उतरलंय ते बघा.

मी : आणि मी वर्गात हीच गोष्ट दुसऱ्या कारणासाठी सांगते. नाव झाकून परीक्षा घ्यायची, ही वैज्ञानिकाची सवय. नव्या औषधाची चाचणी अशीच होते. रोग्याला कळत नाही आपल्याला औषध मिळालं की साधी गोळी, आणि देणाऱ्या डॉक्टरलाही कळत नाही. नारळीकरांनी 1974 मध्ये स्वतःच्या कथेला तीच परीक्षा लावली, 2008 मध्ये पत्रिकांना लावली. एकच शिस्त, दोन ठिकाणी.

मामीने पोहे आणून ठेवले. खाली मांडवाच्या कमानीचा पहिला मोठा वासा उभा राहिला होता. मामाने कात्रणाची घडी घातली, पण ते खिशात ठेवलं नाही, टेबलावरच ठेवलं.

मामा : हे सगळं शांतपणे बसून करायचं काम झालं. माझ्या बातम्या अशा नव्हत्या. डोंबिवली घे. 26 मे 2016 ला एमआयडीसीत स्फोट झाला, बारा माणसं गेली. 23 मे 2024 ला पुन्हा एका कारखान्यात स्फोट. अशा वेळी बातमीदार धावतो. रुग्णालयात यादी बघतो, नातेवाइकांशी बोलतो, गेलेल्याचं नाव बरोबर छापलं जाईल हे पाहतो. तिथे तुझा लॉगरिदम काय करणार?

मी : स्फोटानंतर काही नाही. तिथे तुझ्यासारखाच माणूस हवा. मी स्फोटांच्या आधीच्या वर्षांबद्दल बोलतेय. 2014 च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा फोटो छापले गेले. रस्त्याचा रंग ही बातमीची सुरुवात असते. कारखान्यात काय साठवलंय, किती, कुठल्या तापमानाला ते बिथरतं, वस्ती किती फुटांवर आहे, तपासणी शेवटची कधी झाली, हे प्रश्न रंग धुऊन गेल्यावर विचारायचे असतात. ते विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. पण रसायनाचं नाव वाचून घाबरायचं नाही, एवढं शिक्षण लागतं.

मामा : असं कुणी केलंय?

मी : भोपाळच्या राजकुमार केसवानींनी. 1981 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन वायूच्या गळतीने एक कामगार गेला. तो केसवानींच्या ओळखीचा होता. त्यांनी शोध सुरू केला. फॉस्जीन काय असतो, तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत कसा पसरतो, हे वाचलं. कंपनीच्याच तज्ज्ञांचा सुरक्षा अहवाल मिळवला. आणि 1982 मध्ये आपल्या छोट्या साप्ताहिकात, 'रपट'मध्ये लिहिलं, की हे शहर संकटाच्या तोंडावर बसलंय. 1984 च्या जूनमध्ये 'जनसत्ता'त पुन्हा लिहिलं. त्याच वर्षी 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री त्याच कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला.

मामा : मला माहीत आहे ते नाव. आमच्या पिढीत सगळ्यांना माहीत आहे. पण नीट बघ, तो रसायनाचा पदवीधर नव्हता. विज्ञान पत्रकारितेच्या वर्गात बसलेला नव्हता. ओळखीचा माणूस गेला म्हणून पेटून उठलेला बातमीदार होता. ती आग तू अभ्यासक्रमात कशी घालणार?

मी : आग नाही घालता येत. पण आग लागलेल्या मुलाला पुढे काय करायचं ते शिकवता येतं. केसवानींना ते सगळं एकट्याने, चाचपडत शिकावं लागलं. आपल्या मुलांनी पुन्हा चाचपडत का शिकावं?

मामा : आणखी एक. त्याने लिहिलं, तेव्हा कुणी ऐकलं नाही. मग लिहून काय झालं?

या प्रश्नावर मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. बांबूवर हातोड्याचे ठोके पडत होते. मामाही घाई करत नव्हता.

मी : एकट्याने लिहिलं म्हणून ऐकलं नाही, असं मला वाटतं. त्या शहरातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात तो अहवाल वाचता येणारा एकेक माणूस असता, तर एकाला दडपलं तरी दुसऱ्याने विचारलं असतं. म्हणून मला एखादा तेजस्वी विज्ञान पत्रकार घडवायचा नाही. साधे, महापालिका आणि गुन्हे बघणारे शंभर बातमीदार असे घडवायचेत, ज्यांना अहवालातलं कोष्टक वाचता येतं.

मामा : बरं. मग तज्ज्ञाचं काय? कोष्टक वाचून तुझा चोवीस वर्षांचा मुलगा डॉक्टरला खोटं ठरवणार?

मी : खोटं ठरवायचं नाही, विचारायचं. 1998 मध्ये 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरचा लेख आला. गोवर, गालगुंड, रुबेलाच्या एकत्रित लसीचा संबंध त्यात स्वमग्नतेशी जोडला होता. किती मुलांच्या आधारावर? बारा. जगभर आईबाप घाबरले, लसीकरण घटलं. 'शास्त्रज्ञ म्हणाले' एवढ्यावर थांबलेल्या सगळ्यांनी ती भीती पुढे नेली. ब्रायन डिअर नावाच्या पत्रकाराने ती मुलं कशी निवडली, पैसे कुणाचे होते, हे खणून काढलं. 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला.

मामा : शितावरून भाताची परीक्षा करतातच की. बारा शितं काही कमी नाहीत.

मी : शीत भांडं ढवळून कुठूनही काढलेलं असेल तर एकही पुरतं. पण तळाची करपलेली शितं निवडून काढली आणि सांगितलं, भात करपला, तर? म्हण खरी आहे, मामा. तिच्यात ढवळण्याची अट गृहीत आहे, ती आपण विसरतो. आणि करपलंय म्हणताना शेजारच्या भांड्यातला भातही बघावा लागतो. मी मुलांना चारच प्रश्न पाठ करायला लावते. किती जणांवर पाहिलं? कशाशी तुलना केली? पैसे कुणी दिले? दुसऱ्या कुणी तपासलं?

मामा : (एकदम) हे तर माझे प्रश्न आहेत.

मी : कुठले?

मामा : रस्त्याच्या कंत्राटाचे. किती मीटर रस्ता झाला? शेजारच्या प्रभागात त्याच कामाचा दर काय? ठेकेदार कुणाचा? मोजमाप वहीवर सही कुणाची? अगं, हेच चार. शब्द बदललेस फक्त. मी ते कंत्राटाला विचारायचो आणि डॉक्टर, इंजिनिअर समोर आला की वही मिटायचो. त्यांचं क्षेत्र, आपण काय बोलायचं, म्हणून.

मी : मला वाटतं, आपल्या दोघांमधलं अंतर तेवढंच आहे.

मामा : एवढंच नाही. भाषेचं आहे. तुझ्या मुलांची कॉपी तू मला मागे वाचायला दिली होतीस. 'प्रारण', 'अपस्करण', 'विकिरण', एका वाक्यात तिन्ही. हे मराठी आहे, पण कुणाचं? ठाण्यात 1866 मध्ये 'अरुणोदय' निघालं, 1893 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. वाचणाऱ्यांचं गाव आहे हे. तरी तुझ्या मुलाचा तो परिच्छेद मी दोनदा वाचला आणि ठेवून दिला.

मी : परिभाषा टाकून द्यायची नाही, मामा. कृष्णविवर हाही कधीतरी नवा शब्द होता, आज शाळेतलं पोर वापरतं. पण एका परिच्छेदात एकच नवा शब्द, आणि तो आला की लगेच पुढे ओळखीची वस्तू. हे मी तुझ्याकडून घ्यायला तयार आहे. तू मला एक सांग. 26 जुलै 2005. तू काय लिहिलंस?

मामा : सांताक्रूझला 944 मिलिमीटर. सगळ्यांनी लिहिलं. आकडा अजून पाठ आहे. छातीएवढ्या पाण्यातून चालत घरी आलो होतो.

मी : 944 मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

मामा : म्हणजे... जवळजवळ एक मीटर उंच.

मी : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. दहा बाय दहाच्या खोलीचं छप्पर सव्वानऊ चौरस मीटरपेक्षा थोडं मोठं असतं. म्हणजे त्या एका दिवसात अशा एका खोलीवर पावणेनऊ हजार लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचा टँकर असतो ना, तो जवळजवळ अख्खा, प्रत्येक खोलीवर ओतल्यासारखा.

मामा काही बोलला नाही. मग त्याने हाताने समोरच्या चाळीतल्या खोल्या मोजायला सुरुवात केली, आणि पाचव्या-सहाव्या खोलीवर थांबला.

मामा : हे त्या रात्री मला कुणी सांगितलं असतं, तर सकाळच्या अंकात तेच पहिलं वाक्य झालं असतं.

मी : आणि त्याच दिवशी कुलाब्याला 73 मिलिमीटर पाऊस होता. मुंबईत किती पाऊस पडला, या प्रश्नाला एक उत्तर नव्हतंच. म्हणून 'कुठे मोजला' हेही विचारायचं.

मामा : ठीक. आकड्यांचं मान्य केलं. पण आता मनातलं बोलतो. तुझी मुलं शिकून बाहेर पडतात आणि कुठे जातात? दिवसभर खुर्चीत बसून वीस-वीस बातम्या टाकायच्या, दुसऱ्याच्या बातमीतून आपली करायची. त्यांना कोष्टक वाचायला वेळ कोण देणार? आणि आता तर लिहिणारं यंत्र आलंय. तू तंत्रज्ञानावर पुस्तकं लिहितेस, तूच सांग. उद्या तुझ्या मुलांची गरज कुणाला?

मी : वेळ मिळत नाही हे खरं आहे. ते मी वर्गात लपवत नाही. यंत्राचंही सांगते. एका मुलाने मला यंत्राकडून लिहून घेतलेला लेख दिला. भाषा सफाईदार होती. त्यात एका संशोधनाचा दाखला होता, लेखकाचं नाव, वर्ष, सगळं. मी शोधलं. असं संशोधनच झालेलं नव्हतं. यंत्र पुढचा संभाव्य शब्द काय, हे हिशेबाने ठरवत जातं. दाखला खरा आहे का, हे त्याला कुणीतरी बाहेरून पडताळून द्यावं लागतं. त्या मुलाला मी नापास केलं नाही. त्याला म्हटलं, आता रोज एक दाखला घेऊन मूळ कागदापर्यंत जायचं, आणि शक्य तिथे त्या जागेवर.

मामा : जागेवर. म्हणजे पायांवरच आलीस.

मी : आले. वाक्य जेवढं स्वस्त होईल, तेवढी तिथे जाऊन आलेल्या माणसाची किंमत वाढेल. हे मी मनापासून मानते. फक्त तिथे गेल्यावर काय बघायचं, हेही त्याला यायला हवं. ठाण्याच्या खाडीला 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. खाडीकाठी गेलेल्या मुलाला फ्लेमिंगो दिसतात. त्या चिखलात ते काय खातात, पाणी बदललं तर त्यांच्या खाण्याचं काय होईल, हे विचारायचं सुचलं तर तो फोटो घेऊन परतणार नाही, बातमी घेऊन परतेल.

मामाने कात्रण पुन्हा उघडलं. चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला लागला. मी वर्गात फक्त आकड्याची ओळ दाखवली होती. त्याने सगळी बातमी वाचली. मिरवणूक ज्या रुग्णालयावरून गेली तिथल्या पायरीवर तो तीन रात्री बसला होता. बाळंतीण मुलीच्या आईने दाराच्या फटीत चादर कशी कोंबली, ते त्यात होतं. रात्रपाळीच्या वॉर्डबॉयने खिडकीच्या थरथरणाऱ्या तावदानावर हात दाबून धरला होता, तेही होतं. ही माणसं कुठल्याही कोष्टकात नव्हती.

मामा : पुढच्या वेळी चूक दाखव. पण बातमी पूर्ण वाचून दाखव.

मी : दाखवेन. तूच येऊन वाच ना.

मामा : येईन. पण एक सांगून ठेवतो, पदवीशिवाय बातमीदार होतो, हे माझं मत बदललेलं नाही.

मी : आणि आकड्याशिवाय बातमी पूर्ण होत नाही, हे माझं.

मामा आला. वर्गात त्याने आधी स्वतःच फळ्यावर 55 आणि 85 लिहिलं, मधली तीन पावलं दहा-दहाने मांडली आणि 'दीडपट' खोडून 'हजारपट' लिहिलं. मग तो वॉर्डबॉयबद्दल बोलला. मुलांनी त्या तासाला सर्वांत जास्त प्रश्न विचारले.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांतल्या पत्रकारितेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात आकडा वाचायला शिकवणारा एक तरी सक्तीचा विषय असावा, आणि तो शिकवताना रस्त्यावर आयुष्य घालवलेला एक तरी बातमीदार वर्गात उभा राहावा, ही माझी मागणी आहे. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत असे निवृत्त बातमीदार आहेत. त्यांना बोलवा.

आणि वाचकांना एक विनंती. उद्या सकाळी 'शास्त्रज्ञांचा दावा' किंवा 'पाहणीतून उघड' असा मथळा दिसला, तर चहा थंड होण्याआधी चार प्रश्न विचारा. किती जणांवर पाहिलं? कशाशी तुलना केली? पैसे कुणी दिले? दुसऱ्या कुणी तपासलं? बातमीत उत्तर सापडलं नाही, तर संपादकाला दोन ओळींचं पत्र लिहा. चाळीस वर्षांच्या अनुभवाने मामा सांगतो, अशी पत्रं संपादक वाचतात.